धुपाटणं येईपर्यंत

ओमानमधल्या बहला गावात कोण कुणाकडे जाऊन आलं हे विचारावं लागत नाही, ओढणीच्या वासावरून कळतं. नस्राच्या घरून आलेली बाई तर गल्लीच्या टोकावरून ओळखावी. नस्रा धूप स्वतःच्या हातानं करते. ऊदाचा भुगा, चंदन, कस्तुरी, गुलाबपाणी आणि साखरेचा पाक. हे सगळं मंद आचेवर ढवळत ती उभी असली की तिच्याशी बोलायची कुणाची टाप नसते. तिचा नवरा खल्फान लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अशाच वेळी "माझी टोपी कुठाय?" असं विचारून बसला आणि तेवढ्यात पाक करपला. आज घराला नातवंडं आहेत, तरी त्या टोपीचा उद्धार अधूनमधून होतोच.

अशी ही नस्रा. ठेंगणी, गोल, हसली की शेजारच्या घरातलं झोपलेलं मांजर उठून बसेल असं हसणारी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली. तिच्या घराचं नाव होतं ते धुपासाठी, आणि त्याहून जास्त धुपाच्या वेळेसाठी. पाहुण्या आल्या की खजूर, हलवा, फळं, मग वेलदोड्याची कॉफी. गप्पा पिकल्या की गुलाबपाणी. आणि सगळ्यात शेवटी धुपाटणं. ते हातोहात फिरतं, बायका ओढणीखाली, झग्याच्या घेराखाली धूर घेतात आणि उठतात. धुपाटण्यानंतर कुणी बसत नाही आणि धुपाटण्याआधी कुणी उठत नाही. आधी उठलं तर पाहुणचारात काही कमी पडलं असा अर्थ होतो, आणि यजमानिणीनं आपल्या तोंडानं "आता निघा" म्हणणं म्हणजे तर अब्रूच गेली. ते काम मातीचं धुपाटणं करतं. नस्राला ही वेळ अशी साधायची की कुणाचं बोलणं अर्धवट राहिलं नाही आणि कुणी जांभईही दिली नाही.

सुखी बाई होती. पण एक गोष्ट तिच्या मनात राहून गेली होती. तिच्या घरात बाळंतीण कधी राहिली नव्हती. मुलगे तीन, नातवंडं भरपूर, पण सुनांची बाळंतपणं रीतीप्रमाणे त्यांच्या त्यांच्या आयांकडे. नस्राच्या हाती यायचं ते चाळीस दिवसांनंतरचं, दुसरीच्या हातचं न्हाऊन-माखून तरतरीत झालेलं मूल. धाकटी असीला ही एकुलती एक मुलगी, लग्न करून मस्कतला गेलेली, आणि बरीच वर्षं तिच्याकडून काही गोड बातमी नव्हती. ती बातमी अखेर आली तेव्हा नस्रा स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडली. मग डोळे पुसून तिनं ऊद निवडायला घेतला. बाळाच्या दिवसांसाठी खास धूप. तो मुरायलाच काही महिने लागतात.

धूप मुरत आला आणि ते संशोधन आलं.

पहिल्यांदा ते शेजारच्या घनीमाच्या फोनमध्ये आलं. घनीमा चपला न काढताच आत शिरली. नस्राला ती थोरल्या मुलाच्या नावानं, सालिमची आई म्हणून हाक मारायची. "उम्म सालिम, पाहिलंस का हे? धुरानं बाळांची छाती भरते म्हणे. कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी शोधून काढलंय."

फोनवर दोन फुप्फुसांचं चित्र होतं. एक गुलाबी, एक काळंकुट्ट.

"हे काळं कुणाचं?" नस्रानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे नाव काय त्याचं, गाव कुठलं, आई कोण? मला तर हे करपलेलं वांगं दिसतंय."

"अगं, विद्यापीठ कशाला वांग्याचा फोटो काढेल?"

"विद्यापीठानं काढला असं तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या नणंदेनं पाठवलाय," घनीमा म्हणाली, आणि नणंदेचं नाव निघताच तिचा स्वतःचाच विश्वास जरा डळमळला. "तसं म्हटलं तर माझी सात पोरं धुरीतच वाढली. एकालाही काही झालं नाही."

"फहद खोकतो की."

"तो सिगरेटी ओढतो म्हणून खोकतो!"

त्या आठवड्यात गावाला दुसरा विषय नव्हता. गावातले पुरुष संध्याकाळी सबल्यात, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या दालनात जमतात. तिथलं सगळं खल्फान घरी आणून बायकोच्या पुढ्यात ओतत असे. म्हातारा मुबारक आयुष्यभर टॅक्सी चालवलेला माणूस. त्यानं ती बातमी रेडिओवर ऐकली होती, पण मध्येच कुणाशी तरी बोलायला लागल्यामुळे निम्मीच. त्याचं मत मात्र पूर्ण होतं. "त्यांनी उंदरांना धुरी दिली," तो म्हणाला, "आता उंदराला कधी कुणी धुरी देतं का? तो भीतीनंच मेला असणार." दुसरा म्हणाला, हेच लोक मागे कॉफीला वाईट म्हणाले, मग चांगली म्हणाले, आता पुन्हा काय म्हणतात ते बघू आणि मग ठरवू. तिसऱ्याला पक्की खबर होती की हा सगळा अत्तराचे फवारे विकणाऱ्यांचा डाव आहे.

"तिसऱ्याचं बरोबर आहे," नस्रा म्हणाली. तिला ते पटलं असं नव्हे, सोयीचं होतं.

मुलींच्या शाळेतली बद्रिया मास्तरीण मात्र दुसऱ्या टोकाला गेली. तिनं घरातली सगळी धुपाटणी कचऱ्यात टाकली आणि गल्लीभर सांगत सुटली की शिकलेल्या माणसानं विज्ञानाचं ऐकलं पाहिजे. मग घरात वास नाही म्हणून तिला चैन पडेना, तेव्हा तिनं बंद खोलीत चार सुगंधी मेणबत्त्या लावल्या. कुणी हटकलं तर म्हणायची, "संशोधन ऊदाचं आहे, मेणबत्तीचं नाही."

संशोधन कुणीच वाचलं नव्हतं. त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही. ज्याला धूर आवडायचा त्याला ते खोटं वाटलं, आणि ज्याची सासू धुरी करायची त्याला खरं वाटलं. माणसं सगळीकडे अशीच असावीत, बहल्यातल्या लोकांना वेगळं काढून हसण्यात अर्थ नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर नस्राही मजेत होती. मग जावयाचा फोन आला. मुंधिर स्वभावानं गरीब, मोजून बोलणारा. त्याचा आवाज इतका नरम होता की नस्रानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मावशी, राग मानू नका. आम्ही विचार करतोय की असीलाला इथंच मस्कतला ठेवावं. मदतीला बाई लावतो. तुम्हीही या ना राहायला. पण तिकडं... धुराचं ते सगळं वाचल्यापासून मला झोप नाही."

नस्रानं तोंड उघडलं. फवारेवाले, उंदीर, वांगं, सगळं जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात पलीकडे फोन असीलानं घेतला.

"आई, मला तुझ्याकडेच यायचंय. पण तो घाबरलाय गं. आणि खरं सांगू का, मीही घाबरलेय. इतक्या वर्षांनी होतंय."

नस्रा थोडा वेळ काहीच बोलली नाही. हे इतकं दुर्मिळ होतं की बाहेरच्या खोलीतून खल्फान उठून बघायला आला.

"धूर होणार नाही," ती अखेर म्हणाली. "चिमूटभरसुद्धा नाही. माझा शब्द. तू ये."

फोन ठेवल्यावर तिनं धुपाटणं जुन्या ओढणीत गुंडाळलं. बहल्याच्याच मातीचं, बहल्याच्याच कुंभारानं घडवलेलं, आतून काळं झालेलं. ते कपाटाच्या माथ्यावर गेलं. बाळाच्या धुपाची बरणी तांदळाच्या डब्यामागे गेली. नवजात बाळाला लोबानाची धुरी न देणारी आपण घराण्यातली पहिलीच, हे तिच्या मनात आलं आणि ते तिला चांगलंच लागलं.

"म्हणजे संशोधन खरं?" खल्फाननं विचारलं.

"संशोधन गेलं खड्ड्यात. मला माझी पोरगी हवीय."

असीला आली, आणि नात आली. नाव ठेवलं रीम. नस्रा पहाटेपासून मेथीचं कढण, गव्हाच्या पिठाचा तुपातला असीदा, मधातले खजूर यात बुडून गेली. बाळाच्या पायाला तेल लावताना ती इतकं लांबलचक गाणं रचून म्हणायची की बाळ झोपायचं आणि गाणं पुढं चालू राहायचं. घरात धुराचा वास नव्हता, दुधाचा होता. तिला तो चालला. खरं तर आवडलाच, पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

फजिती झाली ती पाहुण्यांची.

पहिल्या दिवशी दुपारची नमाज आटोपून गल्लीतल्या बायका आल्या. हलवा झाला, कॉफी झाली, गुलाबपाणी शिंपडून झालं. सगळ्या जरा सावरून बसल्या, ओढण्या सैल केल्या आणि दाराकडे बघू लागल्या. नस्रा त्यांच्याकडे बघून हसली. त्या नस्राकडे बघून हसल्या. धुपाटणं येईना आणि बायका उठेनात.

मग पुन्हा कॉफी. पुन्हा खजूर. बोलायला विषय हवा म्हणून संशोधनच निघालं.

"आमच्या आजीला नव्वद वर्षं झाली, रोज धूप," एकजण म्हणाली.

"तुझी आजी भिंतीत भोकं असलेल्या मातीच्या घरात राहायची," बद्रिया म्हणाली.

"म्हणून काय झालं? धूर तोच!"

"मेणबत्ती लावावी," बद्रिया म्हणाली.

"तुझ्या मेणबत्तीनं माझं डोकं चढतं," घनीमा म्हणाली. तिची नजर दाराला चिकटली होती. चुलीवर भात ठेवून आली होती बिचारी. पण उठणार कशी? बाळंतिणीच्या घरून सगळ्यात आधी उठली म्हणजे जळते आहे असं लोक म्हणायचे.

संध्याकाळची अजान झाली. बायकांनी तिथंच आळीपाळीनं नमाज पढली आणि परत येऊन बसल्या. आतल्या खोलीत रीम रडायला लागली. वेगवेगळ्या नऊ बायकांनी नऊ उपाय सांगितले. असीलाचा चेहरा उतरला. घनीमाच्या घरून करपल्याचा वास भिंतीवरून आत आला, आणि त्या वासानं मात्र ती एकदाची उठली. बाकीच्या तिच्यामागोमाग घाईघाईनं, एकमेकींच्या चपला घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, वर शेजारच्या गावाहून आलेल्या चार जणी. खल्फान दोनदा हलवा आणायला धावला. "या बायकांना घर नाही का?" तो कुजबुजला. "आहे," नस्रा म्हणाली, "पण मी त्यांना तिकडं पाठवू कशी?" उभ्या आयुष्यात पाहुणी जड झाली असं तिला वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

गुरुवारी संध्याकाळी मुंधिर मस्कतहून आला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. तो बाहेर गाडीतच बसून राहिला. बराच वेळ. शेवटी आत आला तेव्हा असीला भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती आणि बाळ रडून लालबुंद झालं होतं.

"मावशी," तो म्हणाला, आणि पुन्हा तोच नरम आवाज. "तुम्ही शब्द पाळलात. मला दिसतंय. पण हिला इथं विश्रांतीच नाही. उद्या संध्याकाळी मी दोघींना घेऊन जातो."

नस्राला कुणीतरी हातातलं ताट ओढून घ्यावं तसं झालं. ज्या घरातून एवढ्या पाहुण्या तृप्त होऊन गेल्या त्याच घरात आपल्या मुलीला चार दिवस स्वस्थता देता आली नाही, आणि तेही दिलेला शब्द पाळल्यामुळे. तिला धड भांडताही येईना.

सकाळी असीला बाळाला पाजत होती आणि मोकळ्या हातानं फोनवर काही तरी सरकवत होती. नस्रा कढणाचा वाडगा घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली.

"आई, मी ते संशोधन वाचतेय. मूळचं. बातमी नाही."

"आता कशाला? झालं ना व्हायचं ते."

"ऐक तर. यात ते काळं फुप्फुस नाहीच. उंदीरही नाहीत. बंद खोलीत रोज धूप जाळणाऱ्या घरांतली मुलं जास्त खोकतात, असं त्यांना दिसलं. ते धुरानंच होतं की आणखी कशानं, हे खात्रीनं सांगता येत नाही असं त्यांनीच लिहिलंय. आणि जिथं खिडक्या उघड्या होत्या किंवा धूप बाहेर अंगणात होता, तिथं फरक दिसला नाही."

नस्रानं वाडगा खाली ठेवला. "हे असं लिहिलंय?"

"हो."

"स्वच्छ?"

"स्वच्छ. बहुधा, कदाचित, अजून पाहायला हवं, असं प्रत्येक ओळीत आहे. ते शब्द गावात पोचेपर्यंत वाटेत गळून पडलेत."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

असीला ओशाळली. "आधी मीही फोटोच पाहिला होता, आई. वाचायला आजच घेतलं."

नस्रानं खोलीभर नजर फिरवली. घट्ट बंद खिडक्या, वर एसी गुरगुरतोय. तिच्या आईच्या घरात छताजवळ झरोके होते, धूर आपला आपण निघून जायचा. हे घर बांधलं तेव्हा खिडक्या बंद झाल्या आणि धुपाटणं तेवढंच राहिलं, हे कधी तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. फवारेवाल्यांचा डाव नसावा बहुतेक, असं तिला वाटलं. मोठ्यानं ती फक्त "हूं" म्हणाली. मग उठली, स्टूल ओढलं आणि कपाटाच्या माथ्यावर हात घातला.

त्या दुपारी बायका जमल्या. हलवा झाला, कॉफी झाली, गुलाबपाणी झालं. सगळ्या सवयीनं दाराकडे बघू लागल्या, आता कुणालाच आशा नव्हती. नस्रा बाहेर गेली. अंगणात, फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडाखाली तिनं निखारे ठेवले, वर तांदळामागच्या बरणीतला धूप टाकला, आणि दारातून हाक दिली.

"बायांनो, धूप बाहेर आहे. आत बाळ झोपतंय."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग घनीमा उठली. बाई अशी उठली की मांडीवरचे खजूर सांडले. तिच्यामागोमाग सगळ्या. दारात चपला घातल्या, झाडाखाली धूर घेतला, नस्राच्या नव्या धुपाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि फाटक तर समोरच होतं. पायात चपला, ओढणीत वास, पुढे फाटक. परत आत कोण जाणार? बघता बघता अंगण रिकामं झालं.

गाडीत सामान भरून झाल्यावर मुंधिर सबल्यात जाऊन बसला होता, म्हणजे बायकांसमोर ताटकळायला नको. तो परत आला तेव्हा दारात फक्त घरच्यांच्या चपला होत्या. आत असीला गाढ झोपली होती, शेजारी रीम झोपली होती, आणि धुराचा मागमूस नव्हता. नस्रा उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच, काहीही न मागणाऱ्या त्या बाईनं मागितलं.

"राहू दे रे तिला."

मुंधिरनं गाडीतली असीलाची बॅग उतरवून आत आणली. "मी उद्या एकटाच जातो, मावशी," तो म्हणाला. नस्राचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या काही दिवसांत गल्लीतली सगळी धुपाटणी एकेक करून फाटकाशी येऊन बसली. बद्रियानं नवं विकत आणलं. खल्फान सबल्यातून हसत हसत परतला. "मुबारक काय सांगतो माहीत आहे? विद्यापीठानं सिद्ध केलंय म्हणे की फाटकाजवळ धूप केला की आयुष्य वाढतं!"

"त्याला कुणी सांगितलं?"

"तूच, असं म्हणतो."

"मी?" नस्रा इतकी हसली की आत रीम दचकून जागी झाली. तिनं मुबारकचं म्हणणं खोडून मात्र काढलं नाही.

दिवस कसे गेले कळलं नाही. चाळिसावा आला. मुंधिरची गाडी भरून तयार, तुपाचे डबे, मेथी, बाळाची झबली. सगळे बैठकीत बसले. खजूर झाले, कॉफी झाली, नस्रानं सगळ्यांच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडलं. मुंधिरनं रीतीप्रमाणे कप हलवून आता पुरे असं सांगितलं, तो खाली ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून दाराकडे पाहिलं. असीलानंही पाहिलं. खल्फान बाहेर जाऊन बघून आला. लिंबाखाली धुपाटणं थंड होतं.

"आई," असीला म्हणाली, "धूप?"

नस्रा कॉफीची किटली उगाच पुसत होती. "नको बाई. लहान बाळ आहे घरात. धूर वाईट असतो."

"अगं, अंगणातला चालतो. मीच नाही का वाचून दाखवलं?"

"ते जुनं झालं. आता नवीन संशोधन आलंय."

"कधी आलं?"

"आजच सकाळी," नस्रा म्हणाली. तिनं मान वर केली नाही, पण ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

कुणी हसलं नाही. मुंधिरनं थोडा वेळ सासूकडे पाहिलं. मग तो नीट मांडी घालून बसला, खाली ठेवलेला कप उचलला आणि पुढे केला.

"असं असेल तर धोका नको," तो म्हणाला. "अजून थोडी कॉफी द्या, मावशी."